जुलैची जागा

आमच्या गावच्या घराला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. तिला आठ झडपा. आतल्या चार काचेच्या, त्या माझ्या. बाहेरच्या चार लाकडाच्या, त्या मेस्त्रींच्या. घर बघायला येणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी, आणि हल्ली नुसतेच फोटो काढायला येणारे, आठही माझ्या नावावर घालतात. मी ते पंचवीस वर्षं घालू दिलं. त्याला कारण होतं, आणि ते कारण मेस्त्रींनीच करून ठेवलेलं होतं.

घर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, माडांत. आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, ओटीच्या मागे माजघर. माजघराला खिडकी म्हणायची ती एकच होती, वीतभर रुंद आणि हातभर उंच, लाकडी गजांची. उन्हातून आत आलं की दोन मिनिटं काही दिसत नसे. आम्ही पुण्याहून मे महिन्यात जाणारी मुलं, आम्हाला त्या गारव्याचं केवढं कौतुक! उजेड हवा होता आत्येला. ती तांदूळ निवडायला पडवीत येऊन बसायची. ओटीवर कुणी पुरुषमाणूस आलं की सूप उचलून आत जायची. आत दिसायचं नाही, म्हणून सूप तसंच मांडीवर घेऊन पाहुणा जाईपर्यंत बसून राहायची. जुन्या घरांच्या गारव्यावर मीही एकदोनदा लेख लिहिलेत. त्यात हे सूप आलेलं नाही.

१९९८च्या पावसात माजघराची पश्चिमेची भिंत फुगली. मातीत रचलेले चिरे, आत पाणी मुरलेलं. भिंत उतरवून नव्याने बांधणं भाग होतं आणि वडील म्हणाले, आपली बाय आर्किटेक्ट झालीय की. झाले होते खरी. डिग्रीला दोन वर्षं झाली होती आणि पुण्याच्या ऑफिसात मी त्या दोन वर्षांत संडास-बाथरूमच्या टाइल्सचे लेआउट सोडून काही काढलेलं नव्हतं. पहिलंच घर मिळालं, तेही आपलं. आत्येने मागणं एकच घातलं. "माका मरायच्या आदी माजघरात उजेड व्हयो."

मी तिला उजेड द्यायचा ठरवला तो असा की पश्चिमेची भिंत जवळजवळ काढूनच टाकली. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर दहा उंच खिडकी, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर कट्टा, चार काचेच्या झडपा, त्यापलीकडे माड आणि माडांच्या फटीतून समुद्र. नकाशा रंगवून नेला होता. मेस्त्रींनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. साठीचे असतील. चष्म्याची एक काडी सुतळीची होती. ते वीत, इंच आणि सूत यांत काम करायचे, एका इंचाची आठ सुतं. चिऱ्यावर खडूने आकडे मांडून ते म्हणाले, नऊ फूट दहा इंच एक सूत. आणि उंची सहा फूट दहा इंच पाच सूत. मग वर बघून अगदी सरळपणे त्यांनी विचारलं की दहा फूट आणि सात फूट का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिलिमीटरमध्ये आकडा गोल दिसत होता, एवढंच.

पुढचा प्रश्न त्याहून वाईट होता. "बाये, तू खिडकीक सांगलंस मोठी हो म्हणान. पावसाक सांगलंस?"

मला राग आला. मी त्यांना नॅशनल बिल्डिंग कोड ऐकवला. उष्ण-दमट हवेत खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा लागते, आणि माजघराला तिच्या पासंगालाही पुरेल इतकी नाही. ते म्हणाले, "हो कोड लिवणारो आमच्याकडे जुलयात येऊन रवलो काय कधी?" बाजूला चुना कालवणारे गडी हसले. आता वाटतं, कोडाचं काही चुकत नव्हतं. तो उघडी जागा किती एवढंच सांगतो. ती कुठल्या अंगाला ठेवायची आणि चार महिने ती कोण बंद करणार, हे त्यात कशाला असेल? आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तो वरून पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. मृगाच्या आधी गावातली सगळी घरं पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधून घेत. दिवाळीच्या सुमाराला झापं सुटली की घर पुन्हा उघडायचं. म्हणजे मोठी उघडी जागा आमच्या घरांना माहीत होतीच, ती पडवी होती. पण मला तेव्हा पडवी ही जागा वाटत होती, युक्ती वाटत नव्हती.

मेस्त्रींनी एक तोड सुचवून पाहिली. लहानपणी ते वडिलांबरोबर गोव्यात कामाला होते. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्या असतात, चपट्या, कागदासारख्या पातळ, लाकडाच्या बारीक चौकटींत एकेक सरकवलेल्या. काच महाग होती तेव्हा केलेली ती सोय. उजेड येतो पण दुधासारखा, डोळ्यांत घुसत नाही आणि ऊनही भाजत नाही. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये मी अशा खिडक्या पाहिल्या होत्या, कॉलेजच्या सहलीत त्यांची रेखाटनंही केली होती. पण मला दुधासारखा उजेड नको होता, समुद्र हवा होता. मेस्त्रींनी मान हलवली आणि नकाशाप्रमाणे कामाला लागले. सूतसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही.

तसं म्हणता येणार नाही. तीन गोष्टी त्यांनी नकाशाबाहेरच्या केल्या. खिडकीच्या तळाच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच मारली, पाणी तिथे तुटून खाली पडावं म्हणून. वळचण दोन हात पुढे काढली. आणि बाहेरून चौकटीत बारा जागी लोखंडी खुंट्या ठोकल्या, अंगठ्याएवढ्या, वर तोंड करून. मी विचारलं, ह्या कशाला? म्हणाले, "असांदे."

काचेच्या झडपा बसल्या त्या मे महिन्यात, कडक उन्हात. चौकट फणसाची. नवीन तासलेल्या फणसाचा तो पिवळा रंग मला फार आवडायचा. काही वर्षांत तो तपकिरी होतो हेही मला मेस्त्रींनीच सांगितलं. झडप बिजागरीवर चढवली की ते खिशातून एक रुपया काढायचे. जुना, मोठा रुपया. झडप आणि चौकट यांच्यामधल्या फटीत घालून तो वरपासून खालपर्यंत फिरवायचे. अडला की तिथे खडूची खूण. झडप उतरवायची, रंध्याचे दोन हात, पुन्हा चढवायची, पुन्हा रुपया. मला घाई झाली होती. म्हटलं, मेस्त्री, फट दिसते, वाईट दिसते. ते म्हणाले, "ती जुलयची जागा." लाकूड पाणी पिऊन आडव्या अंगाने फुगतं, लांबीने जवळजवळ फुगत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकातला आकडा पाठही होता. तो आकडा रुपयाएवढा असतो, हे तिथे कळलं.

जुलै आला. शेजारच्या घरच्या फोनवरून आत्येचा निरोप मिळाला: घरात पाणी. बाकी काही नाही. मी रात्रीची एसटी पकडली. आंबोली घाट धुक्यात आणि पाण्यात बुडालेला होता. पहाटे सावंतवाडीला उतरून दुसरी गाडी, मग चालत. रस्ताभर डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: आत्ये ओल्या गादीवर सूप मांडीवर घेऊन बसली आहे. ती जे बोलत नव्हती तेही आठवत होतं. मे महिन्यात दुपारी माजघर भट्टीसारखं तापायचं आणि ती मागच्या न्हाणीघराजवळ चटई टाकून पडायची. मला ते उन्हाळ्याच्या शेवटी, परत निघताना कळलं होतं आणि मी पडदे लावू म्हटलं होतं.

घराशी पोचले तर खिडकी दिसेना. तिथे लाकडाची भिंत होती.

त्या बारा खुंट्यांवर बाहेरून झडपा चढल्या होत्या, तीन लागलेल्या, चौथी पडवीत आडवी, आणि मेस्त्री डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन तिच्यावर वाकलेले. लाकूड ओळखीचं होतं. आमच्या ओटीचं जुनं दुपाखी दार, मागचं दार आणि माळ्याच्या फळ्या. काम सुरू झालं तेव्हा हे सगळं मी जळाऊ म्हणून बाहेर काढायला सांगितलं होतं. मेस्त्रींनी ते आमच्याच मांगरात, गवताच्या पेंढ्यांमागे उभं करून ठेवलं होतं. चारही झडपा म्हणूनच एकसारख्या नाहीत. एकीवर जुन्या कोयंड्याचं भोक आहे, चौकोनी ठिगळ घालून बुजवलेलं. एकीवर कुणाच्यातरी लग्नातले हळदीचे हात आहेत, पुसट, आणि फळी उलटी लागल्यामुळे बोटं खाली आलेली.

मी काही बोलायच्या आधीच आत्ये आतून म्हणाली की मेस्त्रींनी सांगितलं ते. काय सांगितलं? मेस्त्री वर न बघता म्हणाले, "ता बायच्या नकाशात होताच आक्का. माकाच येळ गावलो नाय मेयात. चूक माझी."

मी गप्प राहिले. एक क्षण मिळाला होता, 'नाही आत्ये, नव्हतं' म्हणायला. तो गेला. मेस्त्रींनी रंधा ओढायला घेतला आणि त्याच्या आवाजात तो क्षण कायमचाच गेला. आत्येने त्यांना दोन शब्द ऐकवले, एवढ्या महत्त्वाच्या कामाला उशीर करतात का म्हणून. त्यांनी ऐकून घेतले.

त्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उतरला तेव्हा चौथ्या झडपेचं काम माझ्यासमोर झालं. नुसती फळी लावली तर माजघर पुन्हा पूर्वीसारखं अंधारं. म्हणून झडपेच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात तिरप्या पट्ट्या बसवायच्या, वारा आणि उजेड आत येईल पण पाणी बाहेरच घसरेल अशा. पहिल्या तीन झडपांना त्यांनी अंदाजाने उतार दिला होता, आता अंदाज तपासायचा होता. मला आतून पट्ट्यांना तोंड लावून उभं केलं. आत्येला बाहेरून कळशी दिली. "मार," म्हणाले. आत्येने बाजूने, पावसासारखं, सपकन पाणी मारलं. चष्म्यावर थेंब आले. पट्टी एक सूत खाली. पुन्हा पाणी. पुन्हा थेंब. आत्येला त्यात भलताच हुरूप आला. तोवर ती ओटीच्या पुढे येऊन कधी इतकी मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती. सहाव्या कळशीला माझा चष्मा कोरडा राहिला. मेस्त्रींनी त्या उताराची एक लाकडी पट्टी कापून ठेवली आणि आधीच्या तीन झडपा उतरवून त्याच मापाने दुरुस्त केल्या.

पैसे घेतले नाहीत. लाकूड तुमचंच, म्हणाले. एक काच तडकली होती तेवढी मागून घेतली. ती कापून त्यांनी घरच्या गणपतीच्या तसबिरीला लावली. कट्ट्यावर त्यांचा तो रुपया राहिला होता. मी तो देईन म्हणून कंपासपेटीत टाकला. हिशेबच करायचा तर मी मेस्त्रींचा एक रुपया देणं लागते.

त्या खिडकीच्या फोटोंवर मला पहिलं बाहेरचं काम मिळालं. मग दुसरं. ती माणसं खिडकीची रचना समजावून सांगा म्हणत आणि मी सांगायची: आत काच, बाहेर लाकूड, हिवाळ्यात दोन्ही उघडं, मे महिन्यात दुपारी बाहेरचं बंद, पावसात पट्ट्या. सगळं खरं. कुणी केलं तेवढं सोडून.

कॉलेजात आम्हाला चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत होती. मुंबईत कंबाला हिलवर, १९८३ साली पुरी झालेली, अठ्ठावीस मजले, बत्तीस घरं. तिचा छेद मी परीक्षेत इतका नेटका काढला होता की सरांनी तो वर्गात फिरवला. मुंबईत समुद्र पश्चिमेला. वारा आणि देखावा तिकडूनच, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. कोरियांनी इमारतीचे कोपरे आत कोरले आणि तिथे दुमजली उंचीच्या उघड्या बागा ठेवल्या. घरं त्यांच्या मागे सरकली. जुन्या बंगल्यांचे व्हरांडे त्यांनी हवेत उचलून नेले, असं मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. आणि तेच पोरगं गावी जाऊन पश्चिमेची भिंत उघडी टाकून आलं.

२००४च्या सुमारास मेस्त्री मुंबईला तपासणीसाठी आले होते. मीही तेव्हा कामासाठी तिथे होते. डॉक्टरांकडून निघाल्यावर टॅक्सी तिकडून घ्यायला सांगितली. खाली उभे राहून त्यांनी मान मागे टाकली. ते पांढरे मोठे चौकोन आणि कोपऱ्यांत कोरलेल्या रंगीत खोबणी. बराच वेळ बघून म्हणाले, "पडवी केल्यान." मग थोड्या वेळाने, "पाऊस खंयसून येता?" मी समुद्राकडे हात केला. "मगे बरोबर." टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. मला वाटलं, आता बोलावं. म्हटलं, मेस्त्री, त्या वर्षी तुम्ही आत्येला जे सांगितलंत... त्यांनी विचारलं की ह्या वरच्या लोकांच्या पडव्यांत कबुतरं येत नाहीत काय.

आता माझ्याकडे येणारी घरं वेगळी आहेत. लोकांना 'ट्रॅडिशनल टच' हवा असतो. कारैकुडीच्या बाजारातून चेट्टिनाडच्या मोडलेल्या घरांची दारं येतात, बर्मी सागवानाची, आठ-आठ फुटी, आणि ती नऊ फुटी स्लॅबखाली छाती दाबल्यासारखी उभी राहतात. समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, ती डासांमुळे आणि एसीमुळे कधी उघडत नाही. मी नाही म्हणत नाही, पोट आहे. फक्त एक विचारते की ही झडप रोज कोण उघडणार आहे आणि कोण लावणार आहे. बरेच जण चकित होतात. आणि पारंपरिक म्हणजे तरी काय! आमच्या मंगलोरी कौलांशिवाय आता कुणाला कोकणातलं घर दिसत नाही. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला तेव्हा तो कोकणाला परकाच माल होता. त्याआधी आमच्याकडे हाताने वळलेले नळे होते. आजोबांनी नवीन कौलं घातली तेव्हा त्यांनाही कुणी पावसाबद्दल विचारलं असेल.

आत्ये २००९ मध्ये गेली. शेवटची चारपाच वर्षं तिची खाट त्या खिडकीखालीच होती. पट्ट्यांतून येणाऱ्या उजेडात ती तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की ही खिडकी आमच्या बायने केली आणि मेस्त्रीने उशीर केला. मेस्त्री तिच्या बाराव्याला आले होते. त्यानंतर दोन वर्षांनी तेही गेले.

या मे महिन्यात तिसऱ्या झडपेची खालची पट्टी कुजलेली निघाली. मेस्त्रींचा मुलगा कुडाळला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान चालवतो. लाकडाचं काम त्याने सोडलंय, पण माझ्यासाठी आला, विजेवरचा रंधा आणि एक मदतनीस पोरगा घेऊन. पोराला झडप दाखवत म्हणाला, "बघून ठेव. ही खिडकी बायेन केल्यान. बाबा सांगायचे, असो नकाशो पुन्हा बघूक गावलो नाय." म्हणजे घरीसुद्धा.

पट्टी बदलली, झडप खुंट्यांवर चढवली. त्याने विचारलं, "हेची फट किती ठेवची? नकाशात माप आसा?"

"नकाशात नाही," मी म्हटलं. "नकाशात ह्या झडपाच नाहीत. त्या तुझ्या बाबांच्या."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा झडपेकडे. मग खिशातून रुपया काढला. नवा होता, लहान आणि पातळ. मी त्याला थांबवलं आणि कंपासपेटीतला मोठा रुपया आणून दिला. त्याने तो फटीत घातला आणि वरून खाली आणला. खालच्या कोपऱ्यात अडला. पोराने खडू पुढे केला.